कुंडीतला वाटाणा

पहिला चांगला पाऊस झाला, वाफसा आला की बदनापूरच्या काळ्या रानात तूर पेरली जाते. काही दिवसांत मातीला बारीक भेग पडते आणि तिच्यातून मान वाकवलेला कोंब वर येतो. तुरीच्या दोन्ही डाळी मातीतच राहतात. आकड्यासारखा वाकलेला कोंब तेवढा बाहेर येतो आणि उजेड लागला की सरळ होतो. वाटाण्याचंही असंच. ही हालचाल इतकी सावकाश चालते, की दिवसभर बांधावर बसून राहिलं तरी डोळ्यांना दिसत नाही.

ती पडद्यावर दिसावी, म्हणून 1912 साली चित्रपट काढायच्या ध्यासानं पछाडलेले धुंडिराज गोविंद फाळके वाटाणा पेरलेल्या एका कुंडीसमोर कॅमेरा मांडून बसले. आज लग्नाच्या मांडवापासून धरणाच्या बांधकामापर्यंत सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या ‘टाइम-लॅप्स’ची आपल्याकडची कुळकथा त्या कुंडीपाशी सुरू होते.

ठरावीक वेळानं एकेक चित्र टिपून ती सलग, भरभर दाखवण्याचं हे तंत्र त्यांचं स्वतःचं नव्हतं. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोपांची हालचाल अशीच टिपली होती आणि इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथचा उमलत्या फुलांचा चित्रपट 1910 साली आला होता. फाळक्यांचं धाडस वेगळं होतं. चित्रपटांचा अभ्यास करता करता डोळ्यांवर इतका ताण आला, की त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली. मग आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. तिथून विल्यमसन कॅमेरा आणि कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र मागवून ते परतले. आता चित्रपटासाठी पैसे हवे होते आणि त्यासाठी भांडवलदाराला पटेल असं काहीतरी दाखवायचं होतं. त्यांनी निवडला वाटाण्याचा दाणा.

यातली जोखीम आकडेमोडीतून कळते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण 16 चित्रं धरत. म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटाला 960 चित्रं लागतात. महिनाभर चित्रीकरण करायचं, तर रोज 32. प्रत्येक वेळी हँडल एका चित्रापुरतंच फिरवायचं. मधल्या काळात कॅमेरा बोटभरही हलला, तर पडद्यावर रोप उडी मारतं. एका चित्राला लख्ख ऊन आणि पुढच्याला ढगाची सावली मिळाली, की सगळं दृश्य लुकलुकतं. आणि चूक झाली हे फिल्म धुतल्यावरच कळतं. तोवर रोप वाढून गेलेलं असतं. त्याला पुन्हा कोंब व्हायला सांगता येत नाही.

‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म तयार झाली. दाण्यातून कोंब निघतो, त्याचं रोप होतं, असं काही क्षणांत घडताना पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. पुढच्याच वर्षी, 3 मे 1913 रोजी, मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांसमोर आला. त्याच्या चित्रीकरणातही प्रकाश सूर्याचाच होता. सरस्वतीबाई फाळके पांढऱ्या चादरी धरून उन्हात तासन् तास उभ्या राहत, म्हणजे उजेड परतून नटांच्या चेहऱ्यांवर पडे. फिल्मला भोकं पाडण्याचं कामही त्या करत.

वाटाण्यावर घोटलेली युक्ती फाळक्यांनी पुढे सोडली नाही. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या थोड्या थोड्या सरकवून एकेक चित्र घेतलं आणि निर्जीव काड्या नाचवल्या. इथे वेळ आवळायचा नव्हता, नसलेली हालचाल निर्माण करायची होती. हँडल मात्र तसंच, एका चित्रापुरतं फिरत होतं. ‘लंकादहन’ आणि ‘कालिया मर्दन’ यांसारख्या चित्रपटांतल्या चमत्कारदृश्यांमागे कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू करण्याची हातोटीही होती.

सुरुवातीला ज्याच्या रानात तूर पेरली, त्या बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र कडधान्यांसाठी ओळखलं जातं. ‘बीडीएन 711’ या तुरीच्या वाणाच्या नावातलं ‘बीडीएन’ हे बदनापूरचंच. हे वाण साधारण 150 दिवसांत तयार होतं. पेरणीपासून शेंगा वाळेपर्यंतचा सगळा प्रवास एका मिनिटात दाखवायचा, तर आजच्या सेकंदाला 24 चित्रांच्या हिशेबानं 1,440 चित्रं लागतील. दिवसाचा 12 तासांचा उजेड धरला, तर दर सव्वा तासाला एक. खिशातला मोबाइल हे काम आपोआप करतो. पण तो खांबाला घट्ट बांधावा लागतो, पावसापासून जपावा लागतो, आणि मातीला भेग पडण्याच्या आधीच तिथे लावून ठेवावा लागतो.