ऑपरेशननंतर आतड्याला आराम हवा की काम? एका बदललेल्या समजुतीचा इतिहास

मोठे ऑपरेशन झाले की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, इतक्या लवकर खायला दिलं तर टाक्यांना त्रास नाही ना होणार?" ही भीती साहजिक आहे. एके काळी आम्ही डॉक्टरही वारा सरेपर्यंत रुग्णाला तोंडाने काहीच देत नसू. मग ही पद्धत का बदलली?

आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा फक्त एकेरी थर असतो. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जंतू, तर दुसऱ्या बाजूला आपले रक्त. शेजारच्या पेशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. अन्नरस आत घ्यायचा आणि जंतू व त्यांचे विष बाहेर ठेवायचे, हे या थराचे काम. ऑपरेशनच्या ताणामुळे ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, शरीर हृदय आणि मेंदूला आधी रक्त पुरवते आणि आतड्याच्या वाट्याला कमी येते. मग हे सांधे सैलावतात आणि पाझर वाढतो.

ही शंका जुनी आहे. 1950 च्या दशकात बोस्टनचे सर्जन जेकब फाइन यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून मांडले, की रक्तस्रावाच्या शॉकमध्ये आतड्यातल्या जंतूंचे विष रक्तात उतरते. तेव्हा अनेकांना ते पटले नाही.

पुढे पाझर मोजायची सोपी युक्ती मिळाली. रुग्णाला लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन शर्करा प्यायला द्यायच्या आणि लघवीत त्या किती येतात ते पाहायचे. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो सहज शोषला जातो. लॅक्टुलोजचा मोठा, तो एरवी आतड्यातच अडतो. त्याचे लघवीतले प्रमाण वाढले, तर अस्तर सैल झाले असे समजायचे. मोठ्या ऑपरेशननंतर ते खरोखरच वाढलेले दिसले. बहुतेक रुग्णांत काही दिवसांत ते पूर्ववत होते.

1988 मध्ये डग्लस विल्मोर आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनच्या ताणात आतडे हा मध्यवर्ती अवयव असल्याचे मांडले. आयसीयूतील रुग्णांचे एकामागून एक अवयव का निकामी होतात, याचे उत्तर सापडले असे अनेकांना वाटू लागले. पण 1991 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी 20 गंभीर जखमी रुग्णांच्या आतड्याकडून यकृताकडे जाणारे रक्त तपासले, तेव्हा त्यात जंतू जवळपास सापडलेच नाहीत. म्हणजे "आतडे गळते आणि जंतू रक्तात शिरतात" इतका सरळ हिशेब नव्हता.

दरम्यान आणखी एक गोष्ट लक्षात येत होती. 1968 मध्ये स्टॅन्ली डड्रिक यांनी दाखवले, की फक्त शिरेतून पोषण देऊनही कुत्र्याची पिल्ले वाढतात. हा मोठाच शोध होता आणि त्याने असंख्य रुग्ण वाचवले. पण प्राण्यांमध्ये असेही दिसले, की अन्न न मिळालेल्या आतड्याचे अस्तर पातळ होते. कारण या पेशी आपले बरेचसे पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. पोटाला गंभीर दुखापत झालेल्या रुग्णांच्या अभ्यासात, शिरेऐवजी नळीने थेट आतड्यात अन्न दिलेल्यांना न्यूमोनियासारखे संसर्ग कमी झाले.

1990 च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी हे धागे एकत्र विणले: ताण कमी करणारी भूल, वेदनांवर चांगला इलाज, लवकर चालणे आणि लवकर खाणे. आज जगभर अनेक रुग्णालये या वाटेने जातात.

म्हणून सर्जनने ऑपरेशननंतर लवकर पेज किंवा सूप द्यायला सांगितले, तर घाबरू नका. ती घाई नसते, तो उपचाराचाच भाग असतो. मात्र आतड्याला अडथळा असेल, रक्तदाब फार खाली गेला असेल किंवा उलट्या होत असतील, तर थांबावे लागते. त्यामुळे डॉक्टरांनी थांबा म्हटले, की गुपचूप चमचाभर चहासुद्धा पाजू नका. आणि "लीकी गट" बरे करणारी महागडी पावडर विकत घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.