पाचूच्या किनाऱ्याची समिती

पोर्तो चेर्वोत विजेचा खांब दिसत नाही. वीज, टेलिफोन, पाणी सगळं जमिनीखालून जातं. घरं टेकडीला अंग चोरून बसलेली, भिंती गेरूच्या, वाळूच्या, फिकट गुलाबी रंगाच्या. दुकानांच्या पाट्यासुद्धा दबक्या आवाजात बोलणाऱ्या. सार्डिनिया बेटाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या सुमारे 55 किलोमीटरच्या या पट्ट्याला कोस्ता स्मेराल्दा, म्हणजे पाचूचा किनारा म्हणतात. सुट्टीला आलेल्या माणसाला इथली शांतता आणि देखणेपण निसर्गानेच दिलेलं वाटतं. पाण्याचा रंग निसर्गाचा, हे खरं. बाकीचं बरंचसं मात्र 1962 पासून एका संस्थेने घडवलेलं आणि राखलेलं आहे. तिचं नाव कॉन्सोर्झियो कोस्ता स्मेराल्दा.

आपल्याकडच्या वाचकाला ही संस्था कळायला जड जाऊ नये. ती जमीनमालकांची सोसायटी आहे. सभासद, वर्गणी, पोटनियम सगळं आलं, आणि जिच्या मंजुरीशिवाय साधी भिंत उभी करता येत नाही अशी एक समितीही आली. फक्त या सोसायटीचे संस्थापक अध्यक्ष होते प्रिन्स करीम आगाखान.

हे घराणं आपल्याला परकं नाही. पहिले आगाखान मुंबईत स्थायिक झाले आणि माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. पुण्यातला आगाखान पॅलेस करीम यांच्या आजोबांनी 1892 साली बांधला. 1942 ते 1944 या काळात गांधीजी तिथे स्थानबद्ध होते, तिथेच महादेवभाई आणि कस्तुरबा गेले. ती वास्तू करीम यांनी 1969 मध्ये देशाच्या स्वाधीन केली. त्या वर्षी पाचूच्या किनाऱ्यावर त्यांची हॉटेलं चालू झालेली होती, बंदर उभं होतं, विमान कंपनीही उडत होती.

त्याआधी इथे काय होतं? ग्रॅनाइटचे वाऱ्याने कोरलेले खडक, जुनिपरची वाकडी झाडं, मेंढ्या-गुरं आणि मलेरिया. गाल्लुरा परिसरातले लोक या भागाला मोंती दि मोला म्हणत. मलेरियाला भिऊन वस्ती किनाऱ्यापासून आत सरकलेली. 1946 ते 1950 या काळात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने बेटभर डीडीटीची मोहीम झाली आणि रोग हटला. ती झाली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत मात्र डासांचा उल्लेख क्वचितच सापडतो. वाटण्यांची एक गोष्ट इकडे हमखास सांगतात. आतली चराऊ राने मुलग्यांना मिळत आणि समुद्राकाठची निरुपयोगी जमीन मुलींच्या वाट्याला येई. मग परदेशी गिऱ्हाईक आलं आणि मुलींचं नशीब फळफळलं. गोष्ट थोडी घोटून गुळगुळीत झालेली असेल, पण जमिनीचा भाव एका पिढीत उलटा झाला हे खोटं नाही.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जॉन डंकन मिलर या ब्रिटिश बँकरने हा किनारा पाहिला आणि मित्रमंडळींत त्याचं गुणगान सुरू केलं. त्यातून आगाखान आणि त्यांचे सावत्रभाऊ पॅट्रिक गिनेस यांच्यासह काही जणांनी जमिनी घेतल्या. 14 मार्च 1962 रोजी कॉन्सोर्झियोची स्थापना झाली. करीम तेव्हा पंचवीस वर्षांचे होते.

जमीन घेऊन विकणारे त्या काळात भूमध्य समुद्राच्या काठी पैशाला पासरी होते. स्पेनच्या किनाऱ्यावर हॉटेलांचे उंच मनोरे तेव्हाच चढू लागले होते. इथे विकत घेणाऱ्याने सभासद व्हायचं आणि आपल्याच जमिनीवरच्या हक्कांना स्वखुशीने मुरड घालायची, असं ठरलं. आर्झाकेना नगरपालिकेची परवानगी वेगळी आणि संस्थेच्या वास्तुसमितीची वेगळी. समितीत जाक कुएल, लुईजी व्हिएत्ती, मिकेले बुसिरी व्हिची अशी तालेवार मंडळी होती. त्यांनी गाल्लुरातल्या स्ताझ्झो या दगडी शेतघराकडे पाहिलं आणि त्यातून एक शैली तयार केली. जुनिपरचे ओबडधोबड वासे, खापरीची कौलं, कमानी, मुद्दाम वेड्यावाकड्या ठेवलेल्या भिंती. कुएल यांचं काला दि वोल्पे हॉटेल जुन्या कोळीवाड्यासारखं दिसतं, पण तिथे कोळीवाडा कधी नव्हताच. व्हिएत्ती यांच्या पित्रिझ्झा हॉटेलच्या कोठ्या खडक आणि झुडपांत इतक्या मिसळून जातात की समुद्रावरून त्या चटकन ओळखू येत नाहीत. फरशा आणि टाइल्स पाहिजेत म्हणून 1963 मध्ये ओल्बियात चेरासार्दा हा सिरॅमिकचा कारखानाच निघाला. बुसिरी व्हिची यांच्या पांढऱ्याशुभ्र स्तेल्ला मारिस चर्चमध्ये एल ग्रेकोचं म्हणून ओळखलं जाणारं चित्र आहे. पोहायला आलेले लोक ओल्या केसांनी ते पाहून जातात.

हा सगळा देखावा आहे, अशी टीका वास्तुतज्ज्ञ करतात. आहेच. पण साठ वर्षांत तो फारसा विटला नाही, आणि त्याच वेळी खऱ्याखुऱ्या मच्छीमार गावांच्या डोक्यावर कितीतरी किनाऱ्यांनी काँक्रीट ओतलं. मला विचाराल तर प्रामाणिक कुरूपतेपेक्षा हा देखावा परवडला.

बाकीची उभारणी झपाट्याने झाली. 1963 मध्ये अलिसार्दा विमान कंपनी (पुढे मेरिदियाना, मग एअर इटली, 2020 मध्ये बंद), 1967 मध्ये यॉट क्लब, 1972 मध्ये रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी आखलेलं पेव्हेरो गोल्फ मैदान. 1977 च्या बाँडपटात काला दि वोल्पे झळकलं. 1983 मध्ये याच यॉट क्लबच्या ‘अझ्झुर्रा’ या नौकेने इटलीला पहिल्यांदा अमेरिका चषकाच्या शर्यतीत उतरवलं आणि उपांत्य फेरीपर्यंत नेलं, शिडाच्या होड्यांचं वेड इटलीच्या घराघरात तेव्हा शिरलं.

शांततेला तडाही गेला. जानेवारी 1992 मध्ये पोर्तो चेर्वोजवळच्या घरातून सात वर्षांच्या मुलाचं खंडणीसाठी अपहरण झालं आणि तो जुलैत सुटला. सार्डिनियाच्या डोंगराळ भागातल्या अपहरणांच्या जुन्या इतिहासाने ऐषारामाचं कुंपण ओलांडलं होतं. इकडे विस्ताराचा मोठा आराखडा वर्षानुवर्षं सरकारी मंजुरीत अडकला. शेवटी आगाखानांनी हात आखडता घेतला. 1994 मध्ये हॉटेलं आयटीटी शेरेटनकडे गेली, 1998 मध्ये स्टारवूडकडे, 2003 मध्ये कॉलनी कॅपिटलकडे आणि 2012 मध्ये कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेकडे. दरम्यान सार्डिनिया प्रांताचे अध्यक्ष रेनातो सोरू यांनी किनाऱ्यालगतच्या नव्या बांधकामावर कडक निर्बंध आणले, वर बाहेरच्यांच्या दुसऱ्या घरांवर आणि यॉटवर करही बसवला. दुसऱ्या घरांवरचा कर 2008 मध्ये घटना न्यायालयात टिकला नाही. बांधकामाचे निर्बंध मात्र मुरले, आणि ज्यांची घरं आधीच उभी होती त्यांच्या ते पथ्यावरच पडले.

इतके धनी बदलले तरी वास्तुसमिती बसतच राहिली. कोणा एका श्रीमंताच्या अभिरुचीवर हे विसंबलं असतं, तर ते 1994 लाच संपलं असतं. करीम आगाखान 4 फेब्रुवारी 2025 रोजी लिस्बनमध्ये वारले.

जायचं असेल तर जून किंवा सप्टेंबर गाठावा. ऑगस्टमध्ये बंदरात यॉटची दाटी होते आणि शांतता हा शब्द थट्टेचा वाटतो. हॉटेलात उतरायची ऐपत नसली तरी बिघडत नाही. इटलीच्या कायद्याने समुद्रकाठ सार्वजनिक आहे, त्यामुळे काप्रिच्चोलीची वाळू सर्वांची, आणि थोडी पायपीट करून गाठायचा ‘प्रिन्सचा किनारा’सुद्धा. गुरुवारी सान पान्तालेओचा बाजार भरतो, ग्रॅनाइटच्या सुळक्यांखाली. आर्झाकेनाजवळ कोद्दू वेक्कियू हे कांस्ययुगातलं राक्षसाचं थडगं आहे. तिथल्या उभ्या शिळेपुढे पोर्तो चेर्वोचं नकली जुनेपण फारच कोवळं वाटतं. पाव, चीज आणि मांसाचा रस्सा थरांनी रचून भाजलेलं गाल्लुरी ‘सूप’ चमच्यापेक्षा काट्यानेच खावं लागतं, आणि सोबतीला व्हेर्मेंतिनो दि गाल्लुरा ही वाईन.

ऑक्टोबर सरला की पोर्तो चेर्वोतली हॉटेलं आणि दुकानं एकेक करून बंद होतात आणि वसंतापर्यंत उघडत नाहीत. हा संस्थेच्या वाटचालीतला सुटता न सुटणारा प्रश्न. वेटर, माळी, गवंडी यांचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा, उरलेलं वर्ष कसं काढायचं हे त्यांचं त्यांनी बघायचं. ते राहतात आर्झाकेनात, आब्बियादोरीत किंवा कानिजोनेत, जिथे समितीचा रंगांचा तक्ता लागू नाही आणि खांबांवरून तारा उघड्या लोंबतात.