पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया

डीएनएमधील ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती परीक्षानळीत तयार करण्याचे तंत्र. ‘पीसीआर’ हे त्याचे रूढ नाव. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कॅरी मलिस यांना त्याची कल्पना 1983 मध्ये सुचली. 1993 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात ते सहमानकरी होते.

नळीत मूळ डीएनए, हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांशी जुळणारे प्रारंभक (प्रायमर), चार प्रकारची न्यूक्लिओटाइडे आणि पॉलिमरेज विकर असते. सुमारे 95° से. तापमानाला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान 50–65° से.पर्यंत उतरले की प्रारंभक त्यांना चिकटतात, 72° से.ला विकर नवा धागा विणते. प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात, त्यामुळे 30 आवर्तनांनंतर एका रेणूपासून, निदान हिशेबाने, 107 कोटी प्रती मिळतात.

सुरुवातीला वापरलेले विकर उष्णतेने निकामी होई आणि दर आवर्तनाला नव्याने घालावे लागे. हे काम कंटाळवाणेच. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूचे ‘टॅक’ विकर उकळत्या पाण्याजवळच्या तापमानातही टिकते. ते हाती आले आणि यंत्राने सलग आवर्तने करणे शक्य झाले. तंत्राचा खरा प्रसार तेव्हापासूनचा. मात्र टॅक स्वतःच्या चुका दुरुस्त करत नाही.

करोना विषाणूच्या चाचणीतही हेच तंत्र वापरतात; पण या विषाणूचा जनुकीय ठेवा आरएनए असल्याने तिच्यात आधी आरएनएपासून डीएनए बनवावा लागतो. तंत्राची संवेदनशीलता हाच त्याचा धोकाही आहे: बाहेरच्या डीएनएचा लवलेशही खोटा निष्कर्ष देतो. म्हणून प्रत्येक खेपेला एक नळी डीएनएविना ठेवतात. तिच्यात प्रती आढळल्यास निष्कर्ष ग्राह्य धरत नाहीत.