तटाबाहेरचा पहारा

लोहगडावर लिहिताना आपल्याकडे चार दरवाज्यांचे कौतुक होते: गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा आणि त्यांना गुंफणारी नागमोडी वाट. ते रास्तच आहे. पण दरवाजा शत्रूला अडवतो. शत्रू आला हे त्याआधी कुणाला तरी कळावे लागते. कारखान्यांच्या कुंपणांचे आराखडे करण्यात माझी वीस वर्षे गेली, त्यामुळे गड पाहताना नजर आधी तटाबाहेर जाते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५) दारूखान्याची व्यवस्था सांगितली आहे. तो घरांजवळ नसावा, भोवती कुंपण असावे, आत तळघर असावे, रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीवाचून आसपास कुणी फिरकू नये. ज्वालाग्राही रसायनांच्या गोदामाचा आराखडा आजही साधारण याच धर्तीवर होतो.

झाडीबाबत मात्र अमात्यांचे आणि आमचे पटणार नाही. त्यांना गडाभोवतीची झाडी राखायची होती, तिची काडीही तोडायची नव्हती. आम्हाला कुंपणालगतचा पट्टा मोकळा लागतो, कारण जाळीवर घासणारी फांदी आणि जाळी चढणारा माणूस कंपन टिपणाऱ्या सेन्सरला सारखेच वाटतात. त्यात लोणावळ्याचा पावसाळा! वाऱ्याने जाळी थरथरते, दाट धुक्यात इन्फ्रारेड किरण पलीकडच्या खांबापर्यंत पोचत नाही, आणि रात्रभर खोटे भोंगे ऐकून वैतागलेला पहारेकरी शेवटी भोंगाच बंद करतो. मग लाखोंची यंत्रणा नुसती शोभेची.

गडाचे सेन्सर म्हणजे घेऱ्यातली माणसे. गडाच्या अंगाखांद्यावर मेटे असत, तिथे मेटकरी राहत. रामोशी, कोळी, महार यांना या राखणीबद्दल जमिनी आणि हक्क मिळत. झाडी दाट असली तरी तिच्यातली प्रत्येक पाऊलवाट त्यांना पाठ होती, आणि नवखा माणूस त्यांच्या नजरेतून सुटणे कठीण. शिवाय इशारा तटाच्या कितीतरी खाली मिळाला, तरच वरच्या चार दरवाज्यांनी मिळवून दिलेल्या वेळेचा उपयोग. इशारा आधी, अडथळा नंतर, हा क्रम आजही आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो.

शेजारची उंच जागा मोकळी ठेवू नये, सुरुंगाने फोडावी किंवा बांधून घ्यावी, असेही आज्ञापत्र बजावते. लोहगडाला खेटून, त्याहून उंच विसापूर उभा आहे. त्यालाही तट बांधलेला होता. ४ मार्च १८१८ रोजी प्रॉथरच्या इंग्रजी फौजेने विसापूर घेतला आणि दुसऱ्या दिवशी लोहगड लढाईवाचून गेला. चारही दरवाजे जागच्या जागी होते.

तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामाचा नकाशा हाती येतो तेव्हा त्यावर जागेची हद्द असते, शेजारची टेकडी नसते. गावातला गुराखीही नसतो. तो पुढे कॅमेऱ्यात ‘संशयित हालचाल’ म्हणून उमटतो. खांबांची जागा ठरवण्याआधी मी त्यालाच गाठतो. कुठल्या वाटेने कोण जाते, रात्री कुठली कुत्री भुंकतात, ओढा कुठे अडवा येतो, हे तो बसल्या जागी सांगतो.