शनवारतेल्यांचे बायबल

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारी एक जमात शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून गावकरी त्यांना शनवारतेली म्हणत. हे बेने इस्राएल. नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खवले आणि पर असलेलेच मासे खाणे आणि ‘शेमा’ची प्रार्थना एवढे त्यांनी शतकानुशतके जपले होते. धर्मग्रंथ मात्र जवळ उरला नव्हता. सणांची नावेही खिरीचा सण, दारफळणीचा सण अशी मराठीच होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिशनऱ्यांना हे लोक भेटले आणि त्यांच्या आशा पल्लवित झाल्या. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 मध्ये सुरू झाले. त्याच्या शाळांतून बेने इस्राएल मुले शिकू लागली, काही बेने इस्राएल तेथे शिक्षकही झाले. 1829 मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापले. 1847 पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले. हिशेब सरळ होता. या लोकांना मूर्तिपूजा सोडायला सांगायची नाही, एकच देव आहे हेही पटवायचे नाही. जुना करार हातात दिला की त्यातून नव्या कराराकडे जायला कितीसा वेळ लागणार?

घडले ते उलटे. बेने इस्राएलांनी पुस्तक घेतले, हिब्रू शिकून घेतली आणि ते अधिक पक्के यहुदी झाले. ख्रिस्ती झालेले फारच थोडे. 1842 मध्ये रेवदंड्यात आणि 1848 मध्ये अलिबागेत सिनेगॉग उभे राहिले. पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा 1846 मध्ये मराठीत निघाली. सर्वांत बोलके उदाहरण जोसेफ इझिकेल राजपुरकर (1834–1905) यांचे. जंजिऱ्यासमोरच्या राजपुरीचे नाव आडनावात वागवणारे हे गृहस्थ स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पुढे डेव्हिड ससून संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि 1871 मध्ये मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक झाले. मिशनने दिलेली विद्या त्यांनी यहुदी प्रार्थना मराठीत आणण्यासाठी खर्च केली.

मिशनऱ्यांना याचे कोडे पडले असणार, पण त्यांच्या धर्मशास्त्रात उत्तर तयार होते. हे अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी कॅल्व्हिनच्या परंपरेतले. 1640 च्या दशकातील वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब सांगतो की देव ज्यांना निवडतो त्यांच्याच बुद्धीला तो पवित्र आत्म्याने प्रकाश देतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात लुदिया पौलाचे बोलणे ऐकते, पण तिचे अंतःकरण उघडतो तो प्रभू. करिंथकरांस लिहिताना पौल म्हणतो की मोशेचा ग्रंथ वाचला जातो तेव्हा इस्राएलाच्या मनावर पडदा असतो. रोमकरांच्या पत्रात तो आणखी पुढे जातो: हे आंधळेपण अंशतः आहे, काही काळापुरते आहे आणि त्यामागेही देवाचाच हेतू आहे.

हा सिद्धांत निष्ठुर वाटतो खरा, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. समज देणे हे देवाचे काम असेल, तर शिक्षकाने फक्त शिकवायचे. धर्मांतर होत नाही म्हणून शाळा बंद करण्याचे कारण उरत नाही. विल्सनसारख्यांची चिकाटी मला यामुळेच समजते. मात्र त्याच सिद्धांतात एक सोयही दडलेली आहे. समोरच्याने ग्रंथ वाचून, समजून घेऊन ‘नाही’ म्हटले असेल, ही शक्यताच तो विचारात घेत नाही. नकार दिसला की पडदा म्हणायचे! (आपल्याकडे कठोपनिषदही आत्मा ज्याला वरतो त्यालाच तो लाभतो, असे सांगते. कृपा की प्रयत्न हा वाद एका धर्माचा नाही.)

बेने इस्राएलांच्या हाती आलेल्या ग्रंथातही हाच प्रश्न होता. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की समजणारे मन देवाने तुम्हाला आजपर्यंत दिले नव्हते. कॅल्व्हिनपंथी वाचकाला यात निवडीचा सिद्धांत दिसतो. अकराव्या शतकातील यहुदी भाष्यकार राशी मात्र ‘आजपर्यंत’ या शब्दावर थांबतो. तो जुनी कथा सांगतो: मोशेने नियमशास्त्र लेवींच्या हाती दिले तेव्हा बाकीचे लोक तक्रार घेऊन आले की आम्हीही सीनायपाशी उभे होतो, आमचा वाटा कुठे? मोशेला आनंद झाला. ग्रंथावर हक्क सांगायला आले, त्या दिवशी त्यांना समज आली.

किनाऱ्यावरच्या तेल्यांनी केले ते याहून वेगळे नव्हते. हायम सॅम्युएल केहिमकर, म्हणजे किहीमकर, यांनी 1897 मध्ये पुरा केलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात मिशनऱ्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. हे पुस्तक 1937 मध्ये तेल अवीवला छापले गेले. ऋण मानले, धर्म मात्र सोडला नाही.

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. अलिबागचे मागेन अबोथ सिनेगॉग 1910 मध्ये नव्याने बांधले गेले, ते आजही इस्राएल आळीत उभे आहे. मोशेचे ते वाक्य यहुदी वार्षिक वाचनक्रमात त्यांच्या नववर्षाच्या थोडे आधी, साधारण आपल्या पितृपक्षाच्या आसपास येते.