अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा (एमयूएन) : परिभाषा व कार्यपद्धती

विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या समितीच्या धर्तीवर चालवलेली सभा. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला सर्रास ‘एमयूएन’ म्हणतात. ही पद्धत संयुक्त राष्ट्रांहून जुनी आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांत तेव्हाच्या राष्ट्रसंघाची अशी अधिवेशने भरत. १९४५ नंतर तीच रीत नव्या संघटनेला लागू झाली. भारतात तिच्या जवळचा उपक्रम म्हणजे १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांत सुरू झालेली युवा संसद स्पर्धा. महाराष्ट्रात एमयूएन प्रामुख्याने मोठ्या शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या संस्थांत रुजली. रत्नागिरी तालुक्यातील पाली, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर कोल्हापूरचा रस्ता जेथे फुटतो ते गाव, अशा ठिकाणच्या मराठी शाळेचा विषय निघाला की भाषेची अडचण पुढे केली जाते. ती अडचण वाटते तेवढी मोठी नाही. सभेच्या कामकाजाची बहुतेक परिभाषा मराठीत रोज वापरली जाते. आणि जेथे ती अपुरी पडते, तेथेच या उपक्रमातले खरे शिक्षण दडलेले आहे.

कामकाजाचा क्रम पाहिला की हे स्पष्ट होते. आरंभी हजेरी होते, गणपूर्ती तपासली जाते, विषयपत्रिका ठरते, वक्त्यांची यादी उघडते. प्रत्येकाला वेळ बांधून दिलेला असतो आणि उरलेला वेळ तो दुसऱ्या प्रतिनिधीला, प्रश्नांना किंवा अध्यक्षांना देऊ शकतो. नियम मोडला जात असेल तर भाषण मध्येच थांबवून हरकतीचा मुद्दा मांडता येतो आणि अध्यक्षांना त्यावर लगेच निर्णय द्यावा लागतो. मात्र त्या निमित्ताने मूळ विषयावर बोलता येत नाही. यातले एकही पाऊल गावाला अनोळखी नाही. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय येतात, आणि प्रोसिडिंग बुकात प्रत्येक ठरावाखाली सूचक व अनुमोदक यांची नावे पडतात. विधिमंडळाने त्यात लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव, मतविभागणी, आवाजी मतदान अशी भर घातली आहे. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे; सभाशास्त्र या जिल्ह्याला बाहेरून आणून शिकवावे लागेल असे समजण्याचे कारण नाही.

यावर वजनदार आक्षेप असा, की ग्रामसभा आणि विधानसभा बहुमताने निर्णय घेतात व तो निर्णय बंधनकारक असतो. संयुक्त राष्ट्रांत १९३ सार्वभौम देश असतात आणि त्यांच्या महासभेचे ठराव, काही अंतर्गत बाबी सोडल्या तर, शिफारशीच असतात. तेव्हा गावची परिभाषा उचलली तर मुलांना चुकीची कल्पना मिळेल. हा आक्षेप निम्मा बरोबर आहे, आणि म्हणूनच फरकाच्या जागा दाखवून दिल्या पाहिजेत. पहिली जागा हजेरीतच आहे. प्रतिनिधी नुसते ‘हजर’ म्हणाला तर त्याला पुढे तटस्थ राहता येते. ‘हजर व मतदान करणार’ म्हणाला तर ठरावाच्या बाजूने वा विरुद्ध मत द्यावेच लागते. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनविषयक ठरावावर महासभेत १४१ मते बाजूने, ५ विरोधात पडली आणि ३५ देश तटस्थ राहिले. भारत त्या ३५ मध्ये होता. हाच विषय घेतलेल्या समितीत भारताची भूमिका करणाऱ्या मुलीने उत्साहाच्या भरात दुसरे उत्तर दिले, तर सकाळच्या हजेरीलाच तिने आपल्या देशाचे धोरण गमावले. दुसरी जागा ठरावाच्या मसुद्याखालच्या सह्यांची. मसुदा मांडणारे देश त्याला बांधील असतात, पण नुसती सही करणाऱ्याला फक्त चर्चा व्हावी असे वाटते. मतदानात तो विरोधही करू शकतो. आपला ‘अनुमोदक’ असे करीत नाही, म्हणून येथे ‘स्वाक्षरीकर्ता’ हा वेगळा शब्द ठेवणेच योग्य. तिसरी जागा दुरुस्तीची: सर्व मांडणाऱ्यांना मान्य असलेली दुरुस्ती मतदानाशिवाय मसुद्यात जाते, अमान्य असलेली मताला टाकावी लागते.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. राजनयाची भाषा इंग्रजी, मग मराठीत सराव करून काय साधणार? पण संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत, आणि महासभेच्या नियमांनुसार भाषांतराची सोय करून प्रतिनिधी अन्य भाषेतही बोलू शकतो. ४ ऑक्टोबर १९७७ रोजी परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी महासभेत हिंदीतून बोलले, ते या सोयीमुळेच. शिवाय येथे वक्तृत्वाला दुय्यम महत्त्व आहे. कोकणातल्या शाळांना वक्तृत्व स्पर्धा नव्या नाहीत. तेथे पाठ केलेले भाषण चालून जाते. एमयूएनमध्ये निम्मे काम व्यासपीठाबाहेर, अनौपचारिक चर्चेच्या वेळेत, बाकांमध्ये उभे राहून होते, आणि परक्या भाषेत अडखळणारा विद्यार्थी नेमका तेथेच मागे पडतो. बोलण्याचा वेळ सर्वांना सारखा बांधून देणारा नियम दुबळ्या वक्त्याच्या संरक्षणासाठी आहे; तो त्याला न समजणाऱ्या भाषेत असेल तर संरक्षण कागदावरच राहते.

विषयही जवळचा निवडता येतो. जून २०२२ मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेने मत्स्य-अनुदानांविषयी करार केला. त्या वाटाघाटींत भारताने विकसनशील देशांसाठी २५ वर्षांच्या संक्रमण-मुदतीची मागणी केली होती. मासेमारीचे मिरकरवाडा बंदर ज्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे तेथील विद्यार्थ्याला भारताची बाजू आयती कळेल. म्हणून त्याला भारत देऊ नये. त्याला प्रशांत महासागरातील एखादे छोटे बेटराष्ट्र द्यावे, ज्याच्या समुद्रात दूरदेशीची मोठी जहाजे येऊन मासे नेतात. न पटणारी भूमिका मांडायला लावणे म्हणजे मुलांना खोटेपणा शिकवणे, असा तिसरा आक्षेप घेतला जातो. पण येथे कोणीही स्वतःचे मत म्हणून बोलत नाही. ‘मला वाटते’ ऐवजी ‘फिजीच्या प्रतिनिधीचे म्हणणे आहे’ असे बोलण्याचा नियम त्यासाठीच आहे. त्या देशाचे पूर्वीचे ठराव, मतदान आणि गरजा वाचून आधी भूमिकापत्र लिहावे लागते, आणि अध्यक्ष विसंगतीवर बोट ठेवू शकतात.