संगणक-जाळ्यातील दोषशोधन : ‘पिंग’ आणि ‘ट्रेसराऊट’ या आज्ञांचा पूर्वेतिहास

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रांना आणि त्यांच्या निर्मात्यांना जे स्थान मिळाले, ते दोषशोधनाच्या साधनांना मिळालेले नाही. महाविद्यालयाच्या संगणककक्षात इंटरनेट बंद पडले की तंत्रसाहाय्यक काळ्या पडद्यावर बहुधा प्रथम ‘पिंग’ ही आज्ञा टंकित करतो. या आज्ञेचा उगमही एका बिघाडातच आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन लष्कराच्या मेरीलँडमधील बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेचे जाळे विचित्र वागू लागले. तेथील माइक म्यूस यांनी एका संध्याकाळी सुमारे १००० ओळींची आज्ञावली लिहिली. दूरच्या संगणकाकडे प्रतिध्वनी मागणारा संदेश पाठवावयाचा आणि उत्तर येण्यास लागलेला काळ मोजावयाचा, एवढेच तिचे कार्य. अशा संदेशाची तरतूद आयसीएमपी या नियमसंचात १९८१ पासून होती. परंतु तिचा उपयोग करून घेण्यासाठी म्यूस यांना बर्कली युनिक्सच्या गाभ्यातही बदल करावे लागले. महाविद्यालयीन काळात त्यांनी सोनारचा अभ्यास केला होता आणि आज्ञेचे नाव त्या यंत्रणेच्या ध्वनीवरून आले. या नावाचा अक्षरशः विस्तार करून दाखविला जातो. म्यूस यांच्या मते मात्र ते लघुरूप नव्हेच.

पिंगमुळे संदेश पोहोचला की नाही हे कळे. तो वाटेत कोठे हरवला हे कळत नसे. ही उणीव व्हॅन जेकबसन यांच्या ‘ट्रेसराऊट’ने भरून काढली. स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून सिद्ध झालेली ही आज्ञावली डिसेंबर १९८८ मध्ये प्रसृत झाली. पॅकेट जाळ्यात अनंतकाळ फिरत राहू नये म्हणून त्याला एक आयुर्मर्यादा दिलेली असते. प्रत्येक राउटर ती एकाने घटवितो. ती शून्यावर येताच पॅकेट टाकून देतो आणि तसे पाठविणाऱ्यास कळवितो. जेकबसन यांनी ही मर्यादा १, २, ३ अशी वाढवीत नेली. परिणामी वाटेवरील राउटर एकामागून एक आपला पत्ता सांगू लागले. सुरक्षिततेसाठी केलेल्या तरतुदीचा इतका चतुर उपयोग क्वचितच झाला असेल.

ही साधने परस्परविश्वासाच्या काळातील होती. १९९० च्या दशकात प्रतिध्वनी-संदेशांचा हल्ल्यांसाठी वापर होऊ लागला आणि अनेक व्यवस्थापकांनी त्यांना उत्तर देणेच बंद केले. त्यामुळे पिंगला उत्तर न मिळणे हा यंत्र बंद असल्याचा पुरावा राहिला नाही. ट्रेसराऊटच्या यादीत मध्येच तीन तारका उमटतात आणि पुढच्याच ओळीत पलीकडचा राउटर उत्तर देतो; तेव्हा वाट तुटलेली नसते, मधला राउटर केवळ गप्प राहिलेला असतो.